तीन बादल्या

बटन दाबायचं
आणि कूलरमध्ये पाणी ओतायला निघायचं.
पहिल्या बादलीला काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव,
दुसरीला गोल गोल फिरणारे ठिपके,
तिसरी ओतून बनियनला हात पुसत आलो
की कुठे तो पासवर्ड मागायचा.

अकरा वर्षांचा लॅपटॉप,
दोन जीबीचा जीव,
बाहेर शेहेचाळीस अंश.
अशा दुपारी गोळीबार चौकातलं कुत्रंही
हातगाडीखालची सावली सोडत नाही,
याला काय म्हणून हाकलायचं?

"नवीन घ्या नं बाबा, हप्त्यावर मिळते आजकाल,"
पोरगी फोनवर.
जावई लिंक पाठवतो.
लिंक उघडायला चौथी बादली लागते.

आणि माझं काम तरी केवढं :
प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नावात बदल.
कोर्टाबाहेर सव्वीस वर्षं टाइपरायटर बडवला,
बोटांना तीच सवय,
अक्षर उमटलं नाही की पुन्हा दाबायचं.
हा बराच वेळ गप्प राहायचा,
मग एकदम
अअअअर्जदार.
अशील हसले. मी नाही.

शेवटी दहा नंबर पुलियाजवळ
उत्पला मेश्रामकडे नेला.
झेरॉक्सवाला आणि हेल्मेटवाला यांच्या मधल्या फटीत
तिचं दुकान.
चिवड्याच्या डब्याच्या झाकणात स्क्रू मांडत
तिनं त्याला पालथा घातला, उघडला,
म्हणाली, "काका, हे काय पाळून ठेवलं?"
चिमट्यात राखाडी लोकरीची गादी,
आणि गादीत पिवळ्या काड्या.
कूलरचं गवत.

म्हणजे हा गारव्यात बसावा म्हणून
ज्याच्यासमोर ठेवला,
त्यानंच याचं नाक बुजवलं,
आणि मी इमानेइतबारे
दररोज पाणी घालत होतो.

प्रोसेसरवरचा लेप वाळून खडू झालेला.
तिनं तो पुसून नवा लावला, तांदळाच्या दाण्याएवढा.
बंद पडलेल्या कुठल्याशा कोचिंग क्लासच्या
मशीनची चार जीबी रॅम टाकली.
फिरणारी डिस्क काढली,
न फिरणारी बसवली.
न फिरणारी जलद असते
हे मला अजूनही पटलेलं नाही.

मग पडदा माझ्याकडे वळवला.
"हा चालू झाला की इतके जण सोबत उठतात, काका.
एकतीस."
वाचत गेलो. विकून टाकलेल्या प्रिंटरचा माणूस,
हरवलेल्या डोंगलचा,
एकमेकांवर संशय घेणारे तीन अँटिव्हायरस,
पोरीच्या नर्सिंगच्या सराव परीक्षा,
ती आता स्वतः वॉर्ड सांभाळते.
काहीच कामाचं नाही, सगळे पहाटेपासून जागे.
"काढ," म्हटलं. "काढ. हे पण."

एका ओळीवर बोट थांबलं.
कुमुदनं बसवून घेतलेली घंटा :
रोज चार वाजून दहा मिनिटं, नळ आला.
नळाची वेळ केव्हाच बदलली.
पण घंटा झाली की कुमुद अजून उठते,
उगाच एक गुंड भरून ठेवते,
त्याच पाण्याचा चहा करते.
"हे राहू दे."
"वजन आहे नं काका त्याचं."
"असू दे."

दोन हजार तीनशे झाले.
गवत काढायचे तिनं घेतले नाहीत.

घरी येऊन तिच्या सांगण्यावरून
टेबल कूलरच्या तोंडासमोरून हटवलं.
आता वारा मलाही लागत नाही.
बटन दाबलं, सवयीनं बादली नळाखाली धरली,
अर्धीही भरली नव्हती
तर आतून ती उघडण्याची टुणकन धून.
दारातून डोकावलो.
पासवर्डच्या चौकटीत उभी रेघ
लुकलुकत होती,
पाय हापटणाऱ्या अशिलासारखी.

कूलर कोरडा खडखडतो आहे.
अजून अडीच बादल्या बाकी.
थांब बावा,
आता जरा तू थांब.